एका शब्दाने बदलणारी उत्तरे : सामान्यज्ञानातील फसवे प्रश्न आणि त्यांची खरी माहिती

"मोशेने आपल्या तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले होते?" प्रश्नमंजूषेत हा प्रश्न आला की बरेच जण क्षणाचाही विलंब न लावता 'दोन' असे सांगतात. हे उत्तर चूक आहे, कारण ते तारू मोशेचे नव्हतेच. बायबलमधील महापुराच्या कथेत तारू बांधणारा नोहा आहे. मोशे हा इस्राएली लोकांना मिसर देशाच्या गुलामगिरीतून बाहेर काढणारा नेता.

गंमत अशी की ही चूक केवळ कथा माहीत नसलेल्यांकडून होत नाही. थॉमस एरिकसन आणि मार्क मॅटसन या अमेरिकी संशोधकांनी १९८१ मध्ये याच प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तारू नोहाचे होते हे ज्यांना नीट ठाऊक होते, त्यांच्यापैकीही अनेकांनी 'दोन' हेच उत्तर दिले होते. मोशे आणि नोहा ही दोन्ही नावे जुन्या करारातील आहेत आणि दोघांच्याही कथेत पाण्याचा मोठा प्रसंग आहे. त्यामुळे नाव जवळचे वाटते आणि वाचणारा ते तपासण्याआधीच उत्तराकडे वळतो. मानसशास्त्रात या प्रकाराला 'मोशे भ्रम' म्हटले जाते.

सामान्यज्ञानातील अनेक चुकांचे मूळ इथेच आहे. माहिती असते, पण प्रश्नातील एखादा शब्द नजरेतून सुटतो. 'पहिला', 'सर्वात उंच', 'सर्वात मोठा', 'संपूर्ण' हे शब्द दिसायला साधे असतात, पण उत्तर त्यांच्यावरच ठरते. भूगोल, विज्ञान, इतिहास, साहित्य आणि बायबल या पाच विषयांतील अशा काही प्रसिद्ध प्रश्नांची माहिती पुढे दिली आहे.

भूगोल : सर्वात उंच म्हणजे कुठून मोजलेले?

जगातील सर्वात उंच पर्वतशिखर कोणते, याचे शाळेत शिकवलेले उत्तर एव्हरेस्ट. ते बरोबरच आहे. नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर असल्याचे जाहीर केले. मात्र ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे. मोजण्याची जागा बदलली की पहिला क्रमांकही बदलतो.

हवाई बेटांवरील मौना किया हा ज्वालामुखी पर्वत समुद्रसपाटीपासून केवळ ४,२०७ मीटर उंच आहे. पण त्याचा पायथा समुद्राच्या तळाशी आहे. तिथपासून शिखरापर्यंत मोजल्यास त्याची उंची १०,००० मीटरहून अधिक भरते. म्हणजे 'पायथ्यापासून शिखरापर्यंत सर्वात उंच पर्वत कोणता?' असे विचारले, तर मौना किया हे उत्तर दिले जाते.

तिसरी पद्धत पृथ्वीच्या केंद्रापासून मोजण्याची. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ती विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त आहे. दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशातले चिंबोराझो शिखर या फुगीर भागात, विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६,२६३ मीटर असली, तरी पृथ्वीच्या केंद्रापासून ते एव्हरेस्टपेक्षा सुमारे २ किलोमीटर अधिक दूर आहे.

पावसाचाही असाच प्रश्न आहे. 'जगात सर्वाधिक पाऊस कुठे पडतो?' याला जुन्या पुस्तकांत चेरापुंजी, तर नव्या पुस्तकांत मौसिनराम असे उत्तर आढळते. दोन्ही ठिकाणे मेघालयात, खासी टेकड्यांवर आहेत. वार्षिक सरासरीत मौसिनराम पुढे आहे. तिथे वर्षाला सरासरी सुमारे ११,८७० मिलीमीटर पाऊस पडतो आणि चेरापुंजी त्याच्या किंचित मागे आहे. पण सलग १२ महिन्यांतील सर्वाधिक पावसाचा जागतिक विक्रम चेरापुंजीच्याच नावावर आहे. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या काळात तिथे २६,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. त्यामुळे प्रश्नात 'सरासरी' हा शब्द आहे की 'विक्रम', हे आधी पाहावे लागते.

जगातील सर्वात मोठ्या वाळवंटाबाबतही हेच लागू होते. वाळवंट म्हटले की वाळू आणि ऊन डोळ्यांसमोर येते, म्हणून सहारा हे उत्तर पटकन सुचते. भूगोलात मात्र वाळवंट ठरते ते अत्यल्प पर्जन्यामुळे. या व्याख्येनुसार सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटर पसरलेले अंटार्क्टिका हे सर्वात मोठे वाळवंट आहे. सुमारे ९२ लाख चौरस किलोमीटरचे सहारा हे सर्वात मोठे 'उष्ण' वाळवंट आहे.

विज्ञान : सर्वात जवळचा ग्रह सर्वात उष्ण का नाही?

सूर्याच्या सर्वात जवळचा ग्रह बुध. त्यामुळे तोच सर्वात उष्ण असावा असे वाटते, पण हा मान शुक्राकडे जातो. बुधाला उष्णता धरून ठेवणारे दाट वातावरण नाही. तिथे दिवसा तापमान सुमारे ४३० अंश सेल्सिअसपर्यंत चढते आणि रात्री उणे १८० अंशांपर्यंत उतरते. शुक्राभोवती कार्बन डायऑक्साइडचे दाट आवरण आहे. त्यात उष्णता अडकून राहते आणि पृष्ठभागाचे तापमान दिवसरात्र सुमारे ४६५ अंश राहते.

ग्रहांची संख्या हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. १९३० मध्ये प्लुटोचा शोध लागल्यावर पुढच्या अनेक पिढ्या नऊ ग्रह पाठ करत मोठ्या झाल्या. २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या निश्चित केली. तिच्यात तीन अटी आहेत :

१. तो सूर्याभोवती फिरत असावा.
२. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्याला जवळजवळ गोल आकार आलेला असावा.
३. त्याने आपल्या कक्षेचा परिसर इतर वस्तूंपासून मोकळा केलेला असावा.

प्लुटो पहिल्या दोन अटी पूर्ण करतो, तिसरी करत नाही. म्हणून त्याची गणना बटुग्रहांत झाली आणि सूर्यमालेत आठ ग्रह उरले. असे पूर्वीही घडले होते. १८०१ मध्ये सापडलेल्या सेरेसलाही काही दशके ग्रह मानले जात होते. त्याच भागात तसेच अनेक छोटे गोल सापडू लागल्यावर त्याला लघुग्रह म्हणण्यात आले. २००६ च्या व्याख्येनंतर तोही बटुग्रह ठरला. सेरेस आणि प्लुटो आकाशात जसे होते तसेच राहिले, फक्त व्याख्या बदलली.

इतिहास : 'पहिली' ठरते कोणत्या निकषावर?

'भारतातील पहिली रेल्वे कधी धावली?' या प्रश्नाला १६ एप्रिल १८५३ हे उत्तर दिले जाते. त्या दिवशी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याकडे १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांना घेऊन निघाली. अंतर होते सुमारे ३४ किलोमीटर आणि गाडी ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने होती.

पण रूळ आणि गाडी त्याआधीही देशात होती. मद्रासजवळ १८३७ च्या सुमारास रेड हिल रेल्वे सुरू झाली होती. तिचा उपयोग रस्त्यांसाठी लागणारा दगड वाहून नेण्यासाठी होत असे. डिसेंबर १८५१ मध्ये रुरकी येथे गंगा कालव्यावरील सोलानी जलसेतूच्या बांधकामासाठी माती वाहणारे 'थॉमसन' नावाचे वाफेचे इंजिन धावले. म्हणून बोरीबंदर-ठाणे गाडीचे अचूक वर्णन 'भारतातील पहिली प्रवासी रेल्वे' असे आहे. 'प्रवासी' हा शब्द गाळला की उत्तर वादात सापडते.

चित्रपटांच्या इतिहासात असाच वाद महाराष्ट्रातच आहे आणि तो दोन दादासाहेबांमधला आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो ओळखला जातो. पण त्याआधी जवळपास वर्षभर, १८ मे १९१२ रोजी, त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखवला गेला होता.

मग पहिलेपणाचा मान फाळके यांना का मिळतो? 'श्री पुंडलिक' हे एका नाटकाचे चित्रण होते. त्याचा कॅमेरामन ब्रिटिश होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती. फाळके यांनी पटकथेपासून प्रक्रियेपर्यंतचे काम भारतातच केले. तोरणे यांच्या बाजूने बोलणारे तारखेकडे बोट दाखवतात. परीक्षेत मात्र 'पूर्ण लांबीचा पहिला भारतीय चित्रपट' असे विचारलेले असते आणि त्याचे उत्तर 'राजा हरिश्चंद्र' हेच आहे.

साहित्य : पहिली मराठी कादंबरी कोणती?

बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही १८५७ साली आलेली कादंबरी मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. हिंदू विधवांची दुःस्थिती हा तिचा विषय. पदमनजी यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि मिशनरी शिक्षणाचा ठसा त्यांच्या लेखनावर आहे.

मात्र त्याआधी १८४१ मध्ये हरि केशवजी यांनी जॉन बन्यन याच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' या इंग्रजी पुस्तकाचे 'यात्रिकक्रमण' हे मराठी भाषांतर केले होते. काही अभ्यासक मराठी कादंबरीच्या पूर्वतयारीचा मागोवा तिथपासून घेतात. पुढे १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' आली. तिला पहिल्या ऐतिहासिक कादंबरीचा मान आहे. म्हणजे 'स्वतंत्र', 'भाषांतरित' आणि 'ऐतिहासिक' या तीन शब्दांची उत्तरे तीन वेगळी पुस्तके आहेत.

रवींद्रनाथ ठाकूर यांना १९१३ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते 'गीतांजली'शी जोडले जाते. इथेही एक बारकावा आहे. युरोपातील वाचकांसमोर होती ती इंग्रजी 'गीतांजली'. १९१० च्या बंगाली 'गीतांजली'त १५७ रचना आहेत, तर इंग्रजी पुस्तकात १०३. त्यातल्या बऱ्याच रचना ठाकुरांच्या इतर बंगाली संग्रहांतून घेतलेल्या आहेत. नाव एक असले तरी ही दोन पुस्तके एकच नाहीत.

मेरी शेली यांच्या १८१८ च्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीबाबतची चूक तर जगभर होते. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसी प्राण्याचे नाव नाही. ते त्याला निर्माण करणाऱ्या तरुणाचे आडनाव आहे. त्या प्राण्याला कादंबरीत नावच दिलेले नाही.

बायबल : पुस्तकात नसलेल्या गोष्टी

बायबलवरील प्रश्नांत लोक पुस्तकापेक्षा चित्रे, नाताळची नाटके आणि ऐकीव गोष्टींवर जास्त विसंबतात. त्यामुळे मूळ मजकुरात नसलेली उत्तरेही ठामपणे दिली जातात.

आदाम आणि हव्वेने कोणते फळ खाल्ले? सफरचंद हे उत्तर सर्वांच्या तोंडी असते. 'उत्पत्ती' या पुस्तकात मात्र फळाचे नाव दिलेले नाही. बऱ्यावाईटाचे ज्ञान देणाऱ्या झाडाचे फळ, एवढाच उल्लेख आहे. लॅटिनमध्ये 'मालुम' या शब्दाचे वाईट आणि सफरचंद असे दोन्ही अर्थ होतात. त्या शब्दसाधर्म्यामुळे ही समजूत रुजायला मदत झाली असावी, असे सांगितले जाते. पुढे युरोपातील चित्रकारांनी सफरचंदच रंगवले. ज्यू परंपरेत अंजीर, द्राक्ष आणि गहू अशी वेगवेगळी मते आढळतात.

बाळ येशूला भेटायला किती ज्ञानी पुरुष आले? नाताळच्या देखाव्यात तिघे असतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात संख्या दिलेलीच नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींचा उल्लेख आहे, त्यावरून माणसेही तीन धरली गेली. त्यांना राजे म्हणण्याची पद्धतही नंतरची आहे.

योनाला कोणी गिळले? 'देवमासा' हे प्रचलित उत्तर. जुन्या करारातील योनाच्या पुस्तकात 'मोठा मासा' एवढेच म्हटले आहे.

नोहाने प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? मोशेऐवजी नोहा हे नाव दुरुस्त केल्यावरही 'दोन' हे उत्तर अपुरे राहते. 'उत्पत्ती'च्या सहाव्या अध्यायात प्रत्येक जातीचे नर-मादी मिळून दोन असे म्हटले आहे. सातव्या अध्यायात मात्र शुद्ध मानलेल्या पशूंबाबत सात-सात घेण्याची आज्ञा आहे.

बायबलमध्ये एकूण किती पुस्तके आहेत? प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ (जुना करार ३९, नवा करार २७) आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३ (जुना करार ४६, नवा करार २७). प्रश्नात पंथ सांगितला नसेल, तर प्रश्नच अपुरा आहे.

बायबल मराठीत प्रथम कोणी आणले, हा प्रश्नही असाच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापले. त्यात बायबलमधील कथा मराठी ओव्यांत सांगितल्या आहेत. पण ते स्वतंत्र काव्य आहे, भाषांतर नाही. विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला. पंडिता रमाबाई यांनी पुण्याजवळच्या केडगाव येथे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ मध्ये झालेल्या त्यांच्या मृत्यूपर्यंत हे काम चालू होते. 'कथा' आणि 'नवा करार' या शब्दांप्रमाणे इथे वेगळी नावे येतात.

काही उत्तरांना मुदत असते

काही उत्तरे त्या काळी बरोबर असतात आणि नंतर जुनी होतात. सर्वाधिक चंद्र असलेला ग्रह हे त्याचे ठळक उदाहरण. २०२३ च्या सुरुवातीला ९२ चंद्रांसह गुरू आघाडीवर होता. त्याच वर्षी मे महिन्यात शनीने त्याला मागे टाकले. मार्च २०२५ मध्ये शनीच्या आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळाली आणि त्यांची संख्या २७४ झाली.

भारतातील अभिजात भाषांची संख्या २०१४ पासून सहा होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांना हा दर्जा मिळाला आणि ती अकरा झाली. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले तेव्हा २६ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावर ते ३६ झाले. जुन्या मार्गदर्शक पुस्तकावरून अभ्यास करणारा विद्यार्थी अशा प्रश्नांत मेहनत करूनही चुकतो.

परीक्षेत याचा फरक का पडतो?

घरातील प्रश्नमंजूषेत चुकीच्या उत्तराने हसू होते, स्पर्धा परीक्षेत त्याची किंमत मोजावी लागते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होतात आणि एका-दोन गुणांनी यादीतले नाव राहते किंवा जाते. आयोग आधी पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो. उमेदवार त्यावर पुराव्यासह हरकत घेऊ शकतात. त्यानंतर अंतिम उत्तरतालिका येते आणि तिच्यात काही उत्तरे बदललेली, काही प्रश्न रद्द केलेले असतात. अशा वेळी 'सगळीकडे असेच लिहिले आहे' हा युक्तिवाद पुरत नाही. उत्तर कोणत्या निकषावर बरोबर आहे, हे दाखवावे लागते.

प्रश्न वाचताना चार गोष्टी तपासल्या तर बऱ्याच चुका टळतात :

१. नाव : व्यक्ती किंवा ठिकाणाचे नाव त्या घटनेशी खरोखर जुळते का?
२. विशेषण : प्रवासी, उष्ण, सरासरी, ऐतिहासिक, पूर्ण लांबीचा असा एखादा शब्द आहे का?
३. मोजमाप : उंची, लांबी किंवा संख्या कुठून आणि कशी मोजली आहे?
४. काळ : हे उत्तर कोणत्या वर्षापर्यंतचे आहे?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता?
हॉकी हे उत्तर सर्वत्र दिले जाते, पण कोणताही खेळ अधिकृतपणे राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर झालेला नाही. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्ये माहिती अधिकारातील अर्जाला उत्तर देताना हे स्पष्ट केले.

हिंदी ही भारताची राष्ट्रभाषा आहे का?
नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ नुसार देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. राज्यघटनेत कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेले नाही. आठव्या अनुसूचीत मराठीसह २२ भाषा आहेत.

चीनची भिंत चंद्रावरून दिसते का?
नाही. भिंत हजारो किलोमीटर लांब असली तरी रुंदीला काही मीटरच आहे आणि तिचा रंग भोवतालच्या जमिनीत मिसळून जातो. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई यांनीही २००३ मध्ये पृथ्वीच्या कक्षेतून परतल्यावर आपल्याला भिंत दिसली नसल्याचे सांगितले.

मग एव्हरेस्ट हे उत्तर लिहावे की नाही?
लिहावे. प्रश्नात वेगळे काही नमूद नसेल, तर उंची समुद्रसपाटीपासूनचीच धरली जाते. 'पायथ्यापासून' किंवा 'पृथ्वीच्या केंद्रापासून' असे शब्द दिसले, तरच उत्तर बदलते.